ठोकणे सोपे, काढणे अवघड



गेल्या वैशाखातील गोष्ट. दारव्ह्याला माझ्या भाच्याचे हार्डवेअरचे दुकान आहे. निवृत्तीनंतर महिन्यातून एकदा मी त्याच्याकडे जातो, हिशेबावर नजर टाकतो, जेवण करतो आणि संध्याकाळच्या एसटीने यवतमाळला परततो. त्या दुपारी ऊन असे होते की रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. अशा वेळी सेंट्रिंगचे काम करणारा एक कामगार दुकानाची पायरी चढून आला. भुवईवर पट्टी होती, तिच्याखाली टाके असावेत. त्याच्या एका हातात हातोडीचे लोखंडी डोके होते, दुसऱ्या हातात दांडा. दोन्ही वस्तू त्याने गल्ल्यावर ठेवल्या. हातोडी आमच्याच दुकानातून तीन आठवड्यांपूर्वी नेलेली होती. तिच्यावर कोणाही कारखान्याची खूण नव्हती.

भाच्याने सवयीने उत्तर दिले, "दांड्याची गॅरंटी नसते, दादा."

तो माणूस चिडला नाही. शांतपणे म्हणाला, "भाऊ, पैशे नाही मांगत म्या. हे हातोडी ठोकाले ठीक हाय, उपटाले नाही. एवढं इकताना सांगत जा."

इतके बोलून तो पाणी प्यायला आणि दोन्ही तुकडे तेथेच ठेवून निघून गेला. भाचा माझ्याकडे पाहून म्हणाला, "मामासा, वर्षाला कितीतरी हातोड्या विकतो. ठोकायची वेगळी आणि उपटायची वेगळी, असे कोणी कधी विचारलेच नाही." मी काहीच बोललो नाही, कारण ते वाक्य मलाही लागले होते. ते का लागले, हे पुढे येईलच. आधी त्या माणसाचे म्हणणे खरे होते का, ते पाहू. घरी आल्यावर मी त्या दोन तुकड्यांचा आणि या विषयाचा जमेल तेवढा अभ्यास केला.

आपण हातोडी म्हटले की ठोकणेच डोळ्यांपुढे आणतो. परंतु सेंट्रिंगवाल्याचे निम्मे आयुष्य खिळे उपटण्यात जाते. स्लॅब पडला, सिमेंट घट्ट झाले की खालच्या फळ्या आणि खांब उतरवायचे असतात. त्या फळ्यांतील प्रत्येक खिळा निघाला पाहिजे. कारण तीच फळी पुढच्या घराला लागणार असते. राहून गेलेला खिळा कोणाच्या तरी तळपायात घुसतो आणि मग धनुर्वाताच्या सुईसाठी दवाखाना गाठावा लागतो. आपल्या जिल्ह्यात सागवानाचा व्यवहार मोठा. जुने वाडे पाडले की त्यांच्या तुळया, चौकटी, कडीपाटाच्या फळ्या पुन्हा विकल्या जातात. त्या लाकडात एखादा खिळा दडून राहिला आणि ते आरागिरणीवर गेले, तर पात्याचे दात मोडतात. पाते तुटून उडाले, तर माणूसही जायबंदी होतो. म्हणजे खिळा ठोकणाऱ्याइतकाच खिळा काढणाराही घर उभे करत असतो. फक्त त्याच्या कामाला नाव नाही आणि त्याच्या अवजाराकडे कोणाचे लक्ष नाही.

आता हातोडीत नेमके काय घडते ते पाहू. हातोडीच्या मागच्या बाजूचा दुभंगलेला पंजा खिळ्याच्या माथ्याखाली सारून आपण दांडा आपल्याकडे ओढतो. ही शाळेत शिकलेली तरफ. हातोडीचे डोके जेथे फळीला टेकते तो टेकू. टेकूपासून खिळा सुमारे अडीच सेंटिमीटरवर आणि आपली मूठ तीस सेंटिमीटरवर असेल, तर जोर बारा पट होतो. हाताने पाच किलोचा जोर लावला की खिळ्यावर साठ किलोची ओढ पडते. एवढा लाभ कोणत्याही व्यापारात नाही!

पण फुकट मिळणारा लाभ जगात नसतो. ठोकताना दांड्याला फारसे काही सोसावे लागत नाही. लोखंडाचे वजनच काम करते, दांडा त्याला वाट दाखवतो. उपटताना मात्र हाताचा सगळा जोर दांड्यातून लोखंडात शिरतो, आणि तोही दांडा बसवलेल्या त्या एवढ्याशा नेढ्यातून. नेढ्याच्या वरच्या काठाशी दांडा एका बाजूला चेपला जातो, खालच्या काठाशी दुसऱ्या बाजूला. नेढे जितके उथळ तितका हा चेप जास्त. ज्या तरफेने खिळा हलतो, तीच तरफ दांड्याचे तंतू चिरडत असते. दर खिळ्यागणिक दांडा केसभर सैल होतो. मग कधीतरी पुढचा खिळा ठोकण्यासाठी हात वर जातो आणि डोके निसटून उडते. दोष उपटण्यात घडतो, इजा ठोकताना होते. म्हणून कारण कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्याची हवा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो, आणि बांधकामाचा हंगामही तोच. कोरड्या उष्ण हवेत लाकडातील ओल निघून जाते, दांडा आकसतो आणि नेढ्यात खुळखुळू लागतो. यावर सगळीकडे एकच उपाय चालतो: हातोडी रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवायची. सकाळी ती घट्ट झालेली दिसते. परंतु लोखंड फाकत नाही, म्हणून फुगलेले लाकूड आतल्या आत चिरडते. दुपारच्या उन्हात वाळले की पूर्वीपेक्षा अधिक सैल होते. ज्याला आपण दुरुस्ती म्हणतो ती खरोखर बिघाडाची उजळणी असते. पाण्याऐवजी जवसाच्या तेलात दांड्याचा माथा भिजवावा. ते तेल लाकडात मुरून हळूहळू घट्ट होते, पाण्यासारखे उडून जात नाही. आपल्या विदर्भात जवस पिकतो; तेल कोठून आणायचे हा प्रश्न पडू नये.

खिळे काढणारी हातोडी ही काही नवी वस्तू नाही. रोमन काळातील पंजाच्या हातोड्या उत्खननात सापडल्या आहेत. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररच्या १५१४ मधील 'मेलंकोलिया' या कोरीव चित्रात इतर अवजारांबरोबर पंजाची हातोडीही पडलेली दिसते. म्हणजे उपटण्याची सोय शेकडो वर्षे होती; उपटताना डोके निखळते ही तक्रारही तितकीच जुनी असणार. युरोपातील लोहारांनी यावर एक उपाय केला होता. डोक्यापासून निघालेल्या लोखंडी पट्ट्या दांड्याच्या दोन्ही अंगांना खाली आणून त्या रिव्हेटने जखडायच्या. हातोडी टिकत असे, पण जड आणि महाग होई.

खरी सुधारणा झाली ती १८४०च्या सुमारास, अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील नॉर्विच या गावी. तेथे डेव्हिड मेडोल नावाचा लोहार होता. डोके उडण्याच्या दोषावर विचार करताना त्याची नजर सुताराच्या वाकसाकडे गेली. तिकडच्या वाकसाचे नेढे खोल असते. लोखंडाची मान खाली ओढून दांड्याभोवती गळपट्ट्यासारखी आणलेली असते. मेडोलने तशीच मान हातोडीला दिली. नेढ्याची खोली वाढली, दांड्याला लांबवर आधार मिळाला. वर सांगितलेला हिशेब येथे लागू करा: नेढे दुप्पट खोल केले, तर उपटताना काठांवर पडणारा चेप जवळजवळ निम्मा होतो. जास्तीचे लोखंड थोडेसेच, परंतु ते योग्य जागी दिलेले.

जेम्स पार्टन या चरित्रकाराने या मेडोलची हकीकत १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात दिली आहे. आपल्यासारख्या व्यापारी घरांनी ती अवश्य जाणून घ्यावी अशी आहे. गावात चर्च बांधायला बाहेरून सहा सुतार आले. एक जण आपली हातोडी घरी विसरला होता. तो मेडोलकडे गेला आणि तुला करता येईल तितकी चांगली हातोडी करून दे, असे म्हणाला. तितकी किंमत द्यायची तुझी तयारी नसेल, अशी शंका मेडोलने बोलून दाखवली. सुताराने ती खोटी ठरवली. त्याची हातोडी पाहून दुसऱ्या दिवशी उरलेले पाचही जण तशीच मागायला आले. मग कंत्राटदार आला. त्याला कामगारांपेक्षा किंचित सरस अशा दोन हव्या होत्या. मेडोलने सांगितले, याहून चांगली मला करता येत नाही. वस्तू कोणासाठीही असो, मी ती जमेल तितकी चांगलीच करतो. यानंतर गावातील दुकानदाराने दोन डझन हातोड्यांची मागणी नोंदवली. पुढे न्यूयॉर्क शहरातील अवजारांचा एक व्यापारी तेथून जात असता त्याने त्या सगळ्या विकत घेतल्या, आणि तयार होतील तेवढ्या पाठवत राहा असे सांगून गेला. त्यातून मोठा कारखाना उभा राहिला.

या हकीकतीत तीन माणसे आहेत. अवजार वापरणारा सुतार, अवजार घडवणारा लोहार आणि अवजार विकणारा दुकानदार. सुताराने चांगल्याची अपेक्षा स्पष्ट बोलून दाखवली, लोहाराने ती पुरी केली. पण गावाबाहेर ती सुधारणा गेली दुकानदारामुळे. त्याने दोन डझनांत भांडवल गुंतवले नसते, तर ती सात-आठ हातोड्यांवरच थांबली असती. आपण व्यापारी स्वतःला केवळ माल इकडून तिकडे नेणारे समजतो. खरे पाहता मालाबरोबर आणखी एक वस्तू आपल्या दुकानातून जाऊ शकते: वापरणाऱ्याची अडचण. माल वरून खाली येतो, अडचण खालून वर जायला हवी. आमच्या गल्ल्यावर ती गेली कित्येक वर्षे येत होती आणि 'गॅरंटी नसते' या दोन शब्दांवर आपटून परत जात होती.

पुढेही सुधारणा होत राहिल्या. १९२३ साली अमेरिकेतच अर्न्स्ट एस्टविंग यांनी डोके आणि दांडा एकाच पोलादी तुकड्याचा असलेली हातोडी काढली. जोडच नाही, म्हणून जोड सैल होण्याचा प्रश्न नाही. मात्र पोलादी दांड्याचे हादरे हाताला अधिक बसतात, म्हणून मुठीवर वेष्टन द्यावे लागते. लांब खिळा निम्मा वर आला की पंजाची उंची अपुरी पडते आणि टेकू बदलावा लागतो; त्यासाठी एकावर एक असे दोन पंजे असलेली हातोडीही विसाव्या शतकाच्या आरंभी तिकडे विकली जात होती. ती टिकली नाही. टेकूखाली लाकडाचा एक ठोकळा सरकवला की तेच काम होते, हे कामगारांना ठाऊक होते. सुधारणा चतुर असून चालत नाही. तिच्याहून स्वस्त उपाय आधीच हाताशी नाही ना, हेही पाहावे लागते.

मला सर्वांत मोलाची वाटली ती सुधारणा हातोडीतली नाही, खिळ्यातली आहे. परदेशात सेंट्रिंगसारख्या तात्पुरत्या कामासाठी दोन माथ्यांचा खिळा वापरतात. खालचा माथा फळीला घट्ट टेकतो, वरचा माथा थोडा वर मोकळा राहतो. काम संपले की पंजा त्या वरच्या माथ्याखाली सहज जातो; फळी खरवडावी लागत नाही, हिसका द्यावा लागत नाही. हा खिळा पुढे काढायचा आहे, हे ठोकतानाच लक्षात घेऊन तो घडवलेला असतो. आमच्या दारव्ह्याच्या दुकानात हा खिळा मी कधी पाहिला नाही.

मी बँकेत आयुष्य काढले, म्हणून मला कर्जाचे उदाहरण सुचते. कर्ज देणे हे ठोकण्यासारखे आहे. सहीला दोन मिनिटे लागतात. वसुली म्हणजे उपटणे. हप्ता पिकाच्या पैशाबरोबर येईल की नाही, याचा विचार मंजुरीच्या दिवशी केलेला असेल, तर वसुली सुखाने होते. तो केला नसेल, तर पुढे जे हिसके बसतात त्यात कर्जदारही जखमी होतो आणि बँकही. उधारी, भागीदारी, जामीनकी या सगळ्यांना हेच लागू आहे.

आता त्या कामगाराचे वाक्य मला का लागले ते सांगतो. जुलै १९९२ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण कारागिरांना सुधारित अवजारांचे संच देण्याची योजना सुरू केली. सुतार, लोहार, चर्मकार अशांना दोन हजार रुपयांपर्यंतचा संच मिळे. त्यातील दहा टक्के रक्कम कारागिराने द्यायची, बाकीचे अनुदान. मी त्या काळात ग्रामीण शाखेत होतो. कारागिरांच्या कर्जप्रकरणांना जोडलेल्या अवजारांच्या याद्या माझ्या टेबलावरून जात. 'हातोडी, नग एक' या ओळीपुढे मी कितीदा बरोबरची खूण केली असेल! ती कोणत्या कामाची, किती वजनाची, तिचे नेढे किती खोल, पंजा आहे की नाही, हे मी एकदाही विचारले नाही. 'सुधारित' हा शब्द कागदावर होता. कोणाच्या दृष्टीने सुधारित, हे त्या सुताराला विचारण्याची जबाबदारी माझीही होती. नग मोजले की काम झाले, असे मी समजत होतो. एम.कॉम.च्या अभ्यासात नग मोजायला शिकवले होते, हात पाहायला नाही.

आज तशीच संधी पुन्हा आली आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत सुतार आणि लोहार आहेतच, शिवाय हातोडी व अवजारांचे संच बनवणारे हा स्वतंत्र व्यवसाय मानला आहे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साह्य आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत विनातारण कर्ज अशी तरतूद आहे. योजनेच्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ रोजी आपल्या शेजारच्या वर्ध्यालाच झाला. आपल्या समाजातील अनेकांची दुकाने तालुक्याच्या गावी आहेत. अवजार घ्यायला येणारा कारागीर शेवटी अशाच कोणत्या तरी दुकानाच्या पायरीवर उभा राहील. त्याला आपण काय दाखवणार, हा प्रश्न आपला आहे.

म्हणून हातोडी विकताना आणि घेताना काय पाहावे, ते थोडक्यात सांगतो. पंजाची खाच मागे निमुळती होत गेलेली असावी आणि तिच्या आतल्या कडा धारदार असाव्यात; म्हणजे माथा तुटलेला खिळाही अंगाला धरून ओढता येतो. स्वस्त ओतीव हातोडीत ही खाच बोथट आणि गोलसर असते, खिळा तिच्यातून निसटतो. पंजाचा बाक एकसारखा असावा. टेकू त्यावरून सरकत जातो आणि खिळा सरळ वर येतो. नेढे खोल असावे, खाली मान असावी आणि वरच्या तोंडाशी ते किंचित फाकलेले असावे, म्हणजे पाचर मारल्यावर दांड्याचा माथा आत अडकतो. दांडा धावड्याचा किंवा बाभळीचा, त्याच्या रेषा उभ्या आणि गाठ कोठेही नसलेली. वापरणाऱ्याला दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. अडलेला खिळा आधी हलकेच एक ठोका देऊन हलवावा; गंजाची पकड सुटते. आणि खिळा अर्धा वर आला की डोक्याखाली ठोकळा ठेवावा. डोळ्यांवर साधा चष्मा असावा, हे सांगायला पैसे पडत नाहीत.

आपल्यापैकी काहींना वाटेल, हातोडीच्या गोष्टीचे आपल्या धर्माशी काय नाते? श्रावकाच्या बारा व्रतांतील आठवे व्रत अनर्थदंड-विरमण. त्याच्या अतिचारांत 'संयुक्ताधिकरण' हा एक सांगितला आहे. अवजाराचे भाग जोडून, वापराला तयार करून ठेवणे. उखळाजवळ मुसळ ठेवणे, अशी त्याची उदाहरणे देतात. त्याचा मूळ हेतू निष्कारण हिंसा टाळण्याचा आहे, हे मी जाणतो. परंतु दांडा आणि डोके कोणी जोडले, कसे जोडले आणि ते कोणाच्या हाती दिले, या गोष्टीला आपल्या आचार्यांनी जबाबदारीचा विषय मानले, हे विसरून चालणार नाही. सैल जोड ठाऊक असूनही जो माल गल्ल्यावर मांडतो, तो त्या जबाबदारीतून सुटतो का?

आणखी एक प्रसंग. श्वेतांबर परंपरेत पर्युषणात भगवान महावीरांच्या उपसर्गांचे वाचन होते, तेव्हा तो आपण दरवर्षी ऐकतो. साधनाकाळाच्या अखेरीस एका गुराख्याने रागाने भगवंतांच्या दोन्ही कानांत खुंट्या ठोकल्या आणि त्या कोणाला दिसू नयेत म्हणून त्यांची बाहेरची टोके कापून टाकली. भगवंत काही बोलले नाहीत. पुढे मध्यम पावा येथे ते सिद्धार्थ नावाच्या वणिकाच्या घरी भिक्षेला गेले. तेथे बसलेल्या खरक वैद्याच्या लक्षात आले की या शरीरात शल्य आहे. मग वैद्य आणि वणिक दोघे त्यांच्यामागे उद्यानात गेले. आधी तेलाने मर्दन केले, नंतर सांडशीने त्या खुंट्या ओढून काढल्या आणि जखमेवर औषध लावले. ठोकणाऱ्या गुराख्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. काढणाऱ्या दोघांची नावे आपण अजून घेतो, आणि त्या दोघांतला एक व्यापारी आहे. ज्याच्या दारात कोणी न बोलता वेदना घेऊन येतो आणि जो ती ओळखणाऱ्याला साथ देतो, असा व्यापारी.

त्या दुपारनंतर भाच्याशी माझे बोलणे झाले. त्याने ते दोन तुकडे आपल्या ठोक व्यापाऱ्याकडे पाठवले आणि सोबत पाच ओळींत काय हवे ते लिहिले. आपल्यापैकी बऱ्याच घरांचे पूर्वज ज्या मारवाडातून आले, तेथील नागौर हे हातअवजारांचे नावाजलेले ठिकाण आहे. पंजाबातील जालंधरही तसेच. खोल मानेच्या चांगल्या हातोड्या आपल्या देशात बनतात, त्या फक्त मागाव्या लागतात. नवा माल आला. तो थोडा महाग आहे, म्हणून स्वस्त हातोडी मागणारे गिऱ्हाईक अजूनही आहेच. भाच्याने स्वस्त माल बंद केलेला नाही, परंतु आता तो विचारतो, "ठोकायची पाहिजे की उपटायची?" उपटायची हवी असेल, तर स्वस्त हातोडी तो देत नाही. काही विक्री जाते. तो म्हणतो, जाऊ दे.

दुकानाच्या पायरीपाशी त्याने सागवानाचा एक ओंडका ठेवला आहे, त्यात काही खिळे अर्धवट ठोकलेले. गिऱ्हाइकाने आधी उपटून पाहावे, मग हातोडी घ्यावी. पावसाळ्याच्या तोंडी तो कामगार पुन्हा आला, तेव्हा मी योगायोगाने तेथे होतो. भाच्याने त्याला नवी हातोडी पुढे केली आणि जुन्या प्रकाराबद्दल क्षमा मागितली. त्याने ओंडक्यातले तीन खिळे काढले, दांडा उलटा करून नेढे निरखले आणि फरकाचे पैसे मोजून दिले. ते नको म्हटले तरी ऐकले नाही. जाताना उपटलेले वाकडे खिळे त्याने पायरीवरच ठोकून सरळ केले आणि गल्ल्यावर ठेवले.

ज्यांची हार्डवेअरची दुकाने आहेत अशा वाचकांना माझी विनंती आहे. असा एक ओंडका आपल्याही दारात ठेवा. आणि कोणी तुटलेली वस्तू घेऊन आला, तर गॅरंटीची गोष्ट काढण्यापूर्वी ती कशी तुटली, एवढे त्याला विचारा.